सागवानाला पाणी लावू नका

आमच्या घरात खुर्च्या मोजे घालतात आणि माणसं अनवाणी फिरतात. नवीन पाहुणा आला की आधी खुर्चीच्या पायांकडे बघतो, मग माझ्या पायांकडे, आणि मग जरा काळजीनं माझ्या तोंडाकडे. बायकोच्या मावशीनं तर एकदा तिला आत नेऊन हळूच विचारलं होतं, "जावईबापूंची तब्येत बरी असते ना गं?"

तब्येत ठणठणीत आहे. आमच्या बाहेरच्या खोलीची जमीन लाकडी आहे, एवढंच. आणि ती आमची नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. ती मालकीणबाईंची आहे. आम्ही भाडेकरू. घराची किल्ली देताना मालकीणबाईंनी घराबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. नळाला पाणी किती वेळ येतं, खिडकी का अडकते, हे सगळं आम्हाला राहायला आल्यावर आपोआप कळलं. त्या बोलल्या त्या फक्त जमिनीबद्दल.

"ही साधीसुधी जमीन नाही. अस्सल सागवान आहे. आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं बसवलीय. चपला बाहेर. खुर्च्या-टेबलांच्या पायांना मोजे. मऊ, कोरड्या फडक्यानं पुसायचं, तेही लाकडाच्या रेषा जातात त्या दिशेनं. आडवं पुसायचं नाही. आणि पाणी लावायचं नाही."

शेवटचं वाक्य त्या पुन्हा म्हणाल्या. मग माझं मनगट धरून आणखी एकदा म्हणाल्या. त्यांची पकड बघता मी मुकाट्यानं मान हलवली.

मालकीणबाई दुसऱ्या गावी मुलाकडे राहतात आणि दरवर्षी करार संपायच्या सुमाराला इकडे येतात. आल्या की चहा नाही, पाणी नाही. काठी भिंतीला टेकवतात, वाकतात, जमिनीवरून तळहात फिरवतात आणि तो उजेडात धरून बघतात. मग म्हणतात, "राहा." की आम्ही पुढचं वर्ष राहतो. माणसाचा तळहात बघून त्याचं भविष्य सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःचा तळहात बघून दुसऱ्याचं भविष्य ठरवणाऱ्या मात्र या एकट्याच.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जाच आहे तर दुसरं घर बघा की. तर त्याचं कारण माझी आई. तिचे गुडघे गेलेत. आधीचं घर वरच्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती, आणि आई महिनोन्‌महिने खाली उतरायची नाही. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना नावं ठेवायची. हे घर तळमजल्यावर आहे. समोरच झाडाखाली बाक आहे, बाकावर तिच्या वयाच्या मैत्रिणी आहेत, आणि आई आता तिथं जाऊन ओळखीच्या माणसांना नावं ठेवते. तिच्या चेहऱ्यावर जे तेज आलंय ते मी रोज बघतो. हे घर गेलं तर आई पुन्हा खिडकीत जाणार. म्हणून मी खुर्च्यांचे मोजे धुतो, वाळवतो आणि पुन्हा चढवतो.

त्या आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला. "रविवारी येते."

बायको म्हणाली, "अहो, जमीन जरा फिकट दिसतेय, नाही? कोरडं फडकं जरा जास्त वेळ फिरवू या." एवढंच ठरलं. यात चूक काय होती, ते मी अजून शोधतोय. चूक एवढीच की हे बोलणं आईनं ऐकलं आणि आम्ही दोघं ऑफिसला गेलो.

संध्याकाळी दार उघडलं तर घरात साबणाचा घमघमाट. आई पदर खोचून खुर्चीत बसलेली. तिच्या शेजारी रिकामी बादली. गुडघे दुखत असूनही मोहीम फत्ते करून आलेल्या माणसाचा आनंद तिच्या तोंडावर होता.

"गरम पाण्यानं धुऊन काढली," ती म्हणाली. "कोपरा न्‌ कोपरा. अरे, इतकी वर्षं नुसतं कोरडं फडकं! पाणी न लागलेली जमीन म्हणजे तोंड न धुतलेला माणूस. मालकीण येणार, तिला काय वाटेल?"

मालकिणीला काय वाटेल ते मला तेव्हा अगदी स्पष्ट दिसत होतं. जमिनीवर दुधाळ ढग पसरले होते. मधल्या पट्ट्यांच्या कडा वर आल्या होत्या आणि पावलाखाली लाकूड कुरकुरत होतं. मी बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. आई आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि तिच्या तोंडावरचा आनंद हळूहळू उतरत गेला.

"माझं चुकलं का रे?" तिनं विचारलं.

"छे छे," मी म्हणालो. "वाळली की झकास दिसेल."

वाळली आणि आणखी वाईट दिसायला लागली.

माणसानं संकटात शेजाऱ्यांना सांगू नये. मी सांगितलं नव्हतं. मी फक्त वरच्या मजल्यावरच्या प्रोफेसरांना जिन्यात सहज विचारलं, की समजा एखाद्या माणसाच्या लाकडी जमिनीवर समजा पाणी पडलं, तर समजा काय करावं. प्रोफेसर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कुणी प्रश्न विचारावा म्हणून ते जिन्यातच उभे असायचे, असा माझा संशय आहे. दहा मिनिटांत ते आमच्या घरात, गुडघ्यांवर, भिंग घेऊन हजर झाले.

"ओलावा आत शिरलाय," ते म्हणाले. "तो वाफेच्या रूपानं बाहेर काढायचा. तत्त्व सोपं आहे. फडकं ठेवा, वरून गरम इस्त्री फिरवा."

तत्त्व सोपंच होतं. पहिला ढग खरोखर विरला. प्रोफेसरांचा चेहरा उजळला आणि त्यांनी तत्त्वामागचं तत्त्व सांगायला सुरुवात केली. माझा एक दुर्गुण असा, की शिकवत असलेल्या माणसाकडे मी आदरानं बघतो. मी आदरानं बघत राहिलो आणि हातातली इस्त्री जिथल्या तिथं राहिली. जळका वास आल्यावर आम्ही दोघांनी खाली बघितलं. सागवानावर इस्त्रीचा हुबेहूब तपकिरी ठसा उमटला होता, टोकासकट.

"उष्णता किंचित जास्त झाली," प्रोफेसर म्हणाले आणि भिंग घेऊन वर गेले.

जाताना त्यांनी आपल्या शेजारच्या, वरच्या वहिनींना सांगितलं असावं. कारण वहिनी हातात अक्रोडांची वाटी घेऊनच खाली आल्या. "डागावर अक्रोड घासायचा. त्याचं तेल लाकडात मुरतं. माझ्या बहिणीच्या कपाटाला केलं होतं, नव्यासारखं झालं." आम्ही तिघं ओळीनं बसून अक्रोड घासायला लागलो. ठसा थोडा फिका झाला, हे कबूल करायला हवं. पण मग मुंग्या आल्या. एका बाजूनं आल्या, इस्त्रीच्या ठशाला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं रांगेनं गेल्या. आडव्या गेल्या. रेषांच्या दिशेनं जायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "मग चहाचं पाणी. थंड चहाच्या पाण्यानं लाकडाला रंग चढतो."

चढला. फक्त फडकं जिथं जास्त पिळलं गेलं तिथं कमी चढला आणि जिथं कमी पिळलं गेलं तिथं जास्त. खोलीला पट्टे आले. बायको कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, आता कुणाला काही विचारू नका." हे तिचं वाक्य सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखं होतं. पण मी पुरुषासारखा पुरुष, घरात बसून पट्टे बघत राहीन होय? मी दुकानात गेलो आणि मेण आणलं. तीन हात मेण लावलं. पट्टे दिसेनासे होईपर्यंत लावायचं असा माझा बेत होता. पट्टे काही गेले नाहीत. ते चमकायला लागले.

वहिनींचे यजमान जिन्यातूनच म्हणाले, "यावर एकच उपाय. मशीन. वरचा थर घासून काढायचा, खालून नवं लाकूड निघतं. अस्सल सागवान आहे ना? मग भ्यायचं कशाला?"

मशीन भाड्यानं देणारा दुकानदार फार सभ्य माणूस होता. "देतो की," तो म्हणाला. "फक्त सोसायटीचं परवानगीपत्र आणा. आवाजाच्या तक्रारी येतात."

सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी बसले होते. सेक्रेटरी म्हणजे नियमावर चालणारे गृहस्थ. शिंक आली तरी आधी रुमालाची घडी तपासतील. "परवानगी भाडेकरूला देता येत नाही," ते म्हणाले. "मालकांचं ना-हरकत पत्र आणा."

म्हणजे मालकीणबाईंना कळू नये म्हणून जे करायचं, त्यासाठी मालकीणबाईंना विचारायचं. मी म्हणालो, "त्यांना उगाच त्रास कशाला? किरकोळ काम आहे."

सेक्रेटरींच्या कपाळावर आठी उमटली. किरकोळ या शब्दाचा त्यांना लांबून वास येतो. "किरकोळ आहे की नाही ते आम्ही ठरवू. चला, पाहणी करतो."

दारात मी त्यांना चपला काढायला सांगितल्या. हे मी नियम म्हणून सांगितलं, दुष्टपणानं नाही, हे इथं नमूद करतो. त्यांच्या पायांत मोजे होते, नवे, गुळगुळीत. त्यांनी उंबऱ्यातून उजवा पाय आत टाकला आणि मग ते गेले. दुसरा शब्द मला सुचत नाही. हातातली फाइल छातीशी धरून, ताठ उभे, चेहऱ्यावर तोच अधिकार, ते बाहेरच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले. वाटेत आई खुर्चीत बसली होती. तिनं पाय उचलून त्यांना वाट करून दिली. पुढे स्वयंपाकघरातल्या कांद्यांच्या गोणीवर ते बसले, म्हणजे कांदे बसले आणि ते त्यांच्यावर.

मी धावलो. म्हणजे धावायला गेलो आणि मीही गेलो. आम्ही दोघं कांद्यांत समोरासमोर बसलो असताना ते म्हणाले, "मालकांच्या पत्राशिवाय काहीही करता येणार नाही." माणसाच्या निष्ठेला माझा सलाम आहे.

त्यानंतर सेक्रेटरी कंबर शेकत घरी पडून राहिले. वाईट झालं, पण हरकत घ्यायला जागेवर कुणी उरलं नाही. माझ्या ऑफिसातल्या आवक-जावक विभागातल्या एका मित्राकडे घासायचं मशीन होतं. त्यानं ते शनिवारी दुपारी आणून दिलं, बटण कुठं आहे ते सांगितलं आणि निघून गेला. थांबवायचं कसं, ते त्यानं सांगितलं नाही.

बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि मला घेऊन निघालं. ते मला चालवत होतं की मी त्याला, याविषयी बायकोचं आणि माझं एकमत नाही. ते टेबलाखाली शिरलं, मी टेबलाबाहेर अडकलो. एका खुर्चीचा मोजा त्यात गेला आणि धागे होऊन बाहेर आला. लाकडाच्या भुशानं खोली भरली. भुशातून आईचा आवाज येत होता, "अरे सोड त्याला! सोड! चावेल!" शेवटी बायकोनं प्लग ओढला.

भुसा खाली बसला. खोलीच्या मधोमध, जिथं मशीन सगळ्यात जास्त रमलं होतं तिथं, खालून नवं लाकूड निघालं होतं. फक्त ते सागवान नव्हतं. सागवान म्हणून जे होतं तो वरचा पापुद्रा होता, कांद्याच्या सालीएवढा. खाली फिकट, भुसभुशीत प्लायवुड होतं. आणि त्यावर निळ्या शाईनं छापलेलं होतं: एक उघडी छत्री, आणि खाली ठळक अक्षरांत, "पाण्यापासून दूर ठेवा."

आम्ही तिघं खाली बसून ते वाचत राहिलो. मालाच्या खोक्याची फळी होती ती. आमची इतक्या वर्षांची निष्ठा, ते मोजे, ते रेषांच्या दिशेनं पुसणं, सगळं एका पॅकिंगच्या खोक्यापुढे होतं.

पहिल्यांदा मला राग आला. मग मात्र असा काही आनंद झाला, की मी उठून उभाच राहिलो. "सुटलो!" मी म्हणालो. "येऊ देत मालकीणबाईंना. आता तोंड लपवायची पाळी त्यांची! म्हणे अस्सल सागवान!"

आई म्हणाली, "अरे, पण त्यांना हे माहीत असेल का? त्यांच्या नवऱ्यानं बसवलीय ना. तो तर गेला बिचारा."

मी हळूच पुन्हा खाली बसलो.

रविवारी सकाळी वरच्या वहिनींचा गालिचा आणून आम्ही त्या छत्रीवर घातला. आईला मी बजावलं, "तू एक शब्द बोलायचा नाहीस. जे झालं ते मी केलं." आई मान खाली घालून खुर्चीत बसली. नुसती बसलेली, गप्प आई मी आयुष्यात प्रथमच बघत होतो, आणि ते काही बघवत नव्हतं.

मालकीणबाई आल्या. दारात चपला काढल्या. आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. ढग, पट्टे, इस्त्री, मुंग्यांची उरलीसुरली रांग, असं त्यांनी सगळं क्रमानं बघितलं. मग गालिच्यावर काठी टेकवली. मेणावरचा गालिचा तो, त्याला निमित्तच हवं होतं. तो काठीच्या एका टेकणीनं सरसर करत भिंतीशी जाऊन बसला. बायकोनं मालकीणबाईंना दंडाला धरून सावरलं आणि आम्ही सगळे छत्रीकडे बघत उभे राहिलो.

"कुणी केलं हे?"

"मी," मी म्हणालो.

"आणि धुतली कुणी?"

"तीही मीच."

एक वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. बाई, तुमचं सागवान म्हणजे खोक्याची फळी आहे! एवढं म्हटलं असतं की माझी मान वर झाली असती. पण त्या छत्रीकडे ज्या तऱ्हेनं बघत होत्या ते पाहून माझ्या तोंडून भलतंच निघालं. "इतकं उत्तम सागवान माझ्या अडाणीपणानं वाया गेलं हो. ही खालची फळी नुसती आधाराला घातलेली दिसते. वरचं सगळं अस्सल होतं. मीच घासून टाकलं. तुम्ही घर सोडायला सांगितलंत तरी माझं काही म्हणणं नाही."

"खोटं बोलतोय तो," आई एकदम म्हणाली. "धुतली मी. त्याला काही म्हणू नका."

"ते मला दारातच कळलं," मालकीणबाई म्हणाल्या. "कोपरेसुद्धा धुतलेत. पुरुषमाणूस कोपऱ्यापर्यंत पोचत नाही."

आणि त्या हसायला लागल्या. मोजे घातलेल्या खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पाणी जमिनीवर पडू नये म्हणून पदरानं टिपत होत्या.

"माझे वडील सुतार," त्या म्हणाल्या. "लग्न ठरताना त्यांनी ह्यांना विचारलं, मुलीला ठेवणार कशी? हे गोदामात कारकून. पण तोंड मोठं. म्हणाले, सागवानी जमिनीवर ठेवीन. मग गोदामातली रिकामी खोकी घरी आणून, फोडून, दर रविवारी ठोकत बसायचे. वरून सागाचा पापुद्रा चिकटवला. मला म्हणाले, बघ, अस्सल सागवान! मी सुताराची मुलगी. पहिल्याच पावलाला आवाजावरून कळलं मला."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?" बायकोनं विचारलं.

"काय बोलायचं? इतका आनंद झाला होता त्यांना. मग वडील आले बघायला. आता कसं होणार म्हणून मी दाराआड उभी. वडील गुडघ्यावर बसले. बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग उठले आणि म्हणाले, जावईबापू, उत्तम सागवान! आणि जाताना दारात हळूच माझं मनगट धरून म्हणाले, पोरी, हिला पाणी लावू देऊ नकोस."

आईनं पदरानं डोळे पुसले. मी खुर्चीचा मोजा नीट करण्याचं निमित्त काढून खाली वाकलो.

"माळ्यावर त्या सागाची शिल्लक गुंडाळी असेल," मालकीणबाई म्हणाल्या. "ती काढा आणि ही छत्री झाका. ते कोपऱ्यातलं मशीन परत करा. राहा."

त्या दिवशी तळहात बघायचं त्या विसरल्या.

एवढ्यात दारात सेक्रेटरी. कमरेला पट्टा, हातात फाइल. भिंत धरून, एकेक पाऊल चाचपत ते आत आले. "मालक स्वतः हजर आहेत, बरं झालं. नोंद करायची आहे. या खोलीची जमीन नक्की कसली आहे?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीशी गेलेला गालिचा ओढून पुन्हा छत्रीवर घातला, त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसलो आणि बोटाच्या पेरानं जमीन ठोकून बघितली. आवाज पोकळ आला. थोडा वेळ घेतला. घाई करून चालत नाही.

"उत्तम सागवान," मी म्हणालो. "फक्त पाणी लावायचं नाही."